विश्वामित्रीच्या मगरी आणि आपल्या गल्लीतली पोरं

मंडळी, बडोद्याला पाहुणे आले की आपण त्यांना काय दाखवतो हे ठरलेलं आहे. लक्ष्मीविलास, कीर्तिमंदिर, कमाटीबागेतलं म्युझियम, त्यातला देवमाशाचा सांगाडा, मग सूरसागर आणि शेवटी सेव-उसळ. पण हल्ली पाहुणेच काळ्या घोड्याच्या पुलाशी रिक्षा थांबवायला लावतात. कठड्यावरून वाकून खाली बघतात आणि विचारतात, "दिसेल का हो?" हिवाळ्यातली सकाळ असेल तर बहुतेक दिसते. काठावरच्या चिखलात लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली, तोंड उघडं टाकून ऊन खात असलेली मगर.

फेब्रुवारी 2025 मध्ये विश्वामित्रीतल्या मगरींची मोजणी झाली तेव्हा आकडा निघाला 442. रानातल्या नदीतल्या मगरी नव्हेत या. लाखो लोकवस्तीच्या शहराच्या पोटातून वाहणाऱ्या, गटारं पोटात घेणाऱ्या, दोन्ही काठांना सोसायट्या असलेल्या नदीतल्या. आपल्या या पानावर बडोद्याच्या मराठी मंडळींचा इतिहास बराच लिहून झालाय. सरकारवाडा, संगीतशाळा, ग्रंथालयं, नाटकं, गणपती, सगळं आलं. मगरींबद्दल मात्र कुणी लिहिलं नाही. मला वाटतं लिहायला हवं, कारण या मगरी आज आहेत त्या कुणा सरकारच्या फर्मानामुळे नाही आणि नुसत्या देवधर्मामुळेही नाही. रात्री दोन वाजता फोन आला की दोर आणि गोणपाट घेऊन निघणाऱ्या पोरांमुळे आहेत. त्यातली बरीच आपल्याच गल्ल्यांतली आहेत.

आधी थोडं नदीबद्दल. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, बडोद्यातून वेडीवाकडी वळणं घेत जाते, पुढे ढाढरला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखाताला जातं. उन्हाळ्यात ती नदी वाटतच नाही. पण तिचे काठ मऊ मातीचे आहेत, आणि दोन्ही बाजूंना घळींचं जाळं आहे, ज्याला इथे सगळे 'कोतर' म्हणतात. मगरीला नेमकं हेच लागतं. ती काठात खोल बीळ खणते, उन्हाळा तिथे काढते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर पडतात. मासे, कासवं, मेलेली जनावरं, शहराने फेकलेलं मांस, खायला सगळं मिळतं.

एक गंमत सांगतो. मराठीत मगर 'ती', गुजरातीत 'तो'. त्यामुळे आपल्या घरात "मगर आली" आणि शेजारच्या ओटल्यावर "मगर आव्यो". आमच्या पिढीतल्या पोरांनी शाळेत दोन्हीकडे मार खाल्लाय.

आता जुन्या काळाबद्दल. गायकवाडीत प्राण्यांवर प्रेम होतं असं आपण सहज म्हणून टाकतो, पण ते सरसकट खरं नाही. खंडेराव महाराजांच्या काळात बडोद्याचा सगळ्यात मोठा सार्वजनिक सोहळा म्हणजे साठमारी. मैदानात हत्ती झुंजवायचे, कधी गेंडे, आणि सगळं शहर बघायला लोटायचं. लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी 1860 च्या दशकात खंडेरावांचा पाहुणा होता, त्याने या झुंजींची लांबलचक वर्णनं लिहून ठेवलीत. प्राण्यांच्या निमित्ताने सगळं बडोदं एकत्र जमायचं ते तेव्हा असं.

सयाजीराव महाराजांच्या काळात वारं बदललं, तेही हळूहळू. 1879 मध्ये कमाटीबागेत प्राणिसंग्रहालय आलं. त्यांचं खरं देणं मात्र पाण्याचं आहे. शहराला प्यायचं पाणी मिळावं म्हणून 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला आजव्याचं सयाजी सरोवर बांधलं. शेतीला पाणी मिळावं म्हणून डभोईजवळ वढवाणा तलाव झाला, ओरसंग नदीचं जोजव्याला अडवलेलं पाणी त्यात आणलं. हे दोन्ही अभियंत्यांचे प्रकल्प होते, पक्ष्यांचा किंवा मगरींचा विचार त्यात कुणी केला असेल असं मला वाटत नाही. पण आज आजव्यात मगरी आहेत. वढवाण्यात दर थंडीत हजारो बदकं आणि राजहंस उत्तरेकडून येऊन उतरतात, आणि 2021 मध्ये तो तलाव रामसर यादीत गेला. तिथल्या वार्षिक पक्षिगणनेला वनखात्याबरोबर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाची मुलं आणि हौशी निरीक्षक पहाटे अंधारात जाऊन उभे असतात. महाराजांनी उसासाठी-भातासाठी साठवलेलं पाणी शंभर वर्षांनी कुणाच्या कामी आलं, याची नोंद गायकवाडीच्या इतिहासात व्हायला हवी.

स्वातंत्र्यानंतर देशभर मगरींचे हाल झाले. कातड्यासाठी शिकार, अंड्यांची लूट. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यात मगर पहिल्या अनुसूचीत गेली, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. 1975 मध्ये केंद्र सरकारचा मगर प्रकल्प सुरू झाला. कायद्याने शिकार थांबली हे खरं. पण कायदा दिल्लीत, आणि मगर तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी. त्या क्षणी तिथे जमलेली शंभर माणसं काय करतात, यावर सगळं ठरतं.

आणि मगर फाटकाशी का येते, याचं उत्तर जरा अडचणीचं आहे. जुनं बडोदं, म्हणजे मांडवी, घडियाळी पोळ, वाडी, रावपुरा, हे उंचावर आहे. आपले आजोबा-पणजोबा तिथल्या वाड्यांत राहायचे आणि नदी लांब होती. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत वाडे विकले गेले, भाऊ-भाऊ वेगळे झाले आणि आपण कारेलीबाग, समा, अकोटा, मुजमहुडा, मांजलपूर अशा बाजूंना पांगलो. त्यातल्या कितीतरी सोसायट्या नदीच्या जुन्या पसाऱ्यावर किंवा तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठावर उभ्या आहेत, काही तर कोतरं बुजवून. विद्यापीठाच्या आवारातून भूखी कांस वाहते, तिच्यातूनही मगरी येतात. म्हणजे पावसाळ्यात जी मगर तुमच्या पार्किंगमध्ये दिसते ती बहुधा तिच्या जुन्या वाटेनेच चाललेली असते. आपण मध्ये भिंत बांधलेली असते इतकंच.

पूर्वी अशी मगर आली की लाठ्या, दगड, आरडाओरडा. कधी ती मरायची, कधी कुणाचा तरी पाय धरायची. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे बदललं. जीएसपीसीए, वाइल्डलाइफ रेस्क्यू ट्रस्ट अशा स्थानिक संस्था उभ्या राहिल्या, वनखात्याने त्यांच्या कार्यकर्त्यांना बरोबर घ्यायला सुरुवात केली, आणि एक सवय रुजली: मगर दिसली की दगड नाही, फोन. आज आठ वर्षांच्या पोराला विचारा, तेही हेच सांगेल.

फोन आल्यावर काय होतं ते मी दोनदा जवळून पाहिलंय. येणारी पोरं पहिली पाच मिनिटं मगरीकडे बघतही नाहीत, ती गर्दी हटवतात. "काका, मागे व्हा. ताई, टॉर्च तोंडावर मारू नका. मोबाइल नंतर." मग एकजण समोरून तिचं लक्ष वेधतो, दुसरा बाजूने दोराचा फास टाकतो. फास बसला की मगर स्वतःभोवती गरगर फिरते, तेव्हा दोर ढिला सोडावा लागतो, नाहीतर तीच जखमी होते. दमली की ओलं गोणपाट डोळ्यांवर. डोळे झाकले की ती आश्चर्य वाटावं इतकी शांत होते. मग एकजण पाठीवर बसून जबडा दाबून धरतो आणि चिकटपट्टी गुंडाळतो. मगरीची चावण्याची ताकद भयंकर, पण तोंड उघडणारे स्नायू अगदी दुबळे, म्हणून साधी पट्टी पुरते. पाय मागे बांधायचे, फळीवर घ्यायचं, गाडीत घालून वनखात्याच्या बचाव केंद्रात. तपासणी होते आणि पुढे ती पुन्हा पाण्यात जाते, पुष्कळदा याच नदीत.

यातली पोरं व्यवसायाने कोण? कुणी मोबाइलच्या दुकानात, कुणी रिक्षा चालवतो, कुणी कॉलेजात, कुणी मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळीवर. पगार नाही, विमा बहुतेकांचा नाही. गाडीचं पेट्रोल स्वतःचं. आडनावं विचारली तर सोळंकी आणि परमारांबरोबर पवार, शिंदे, जाधव, मोरेही निघतात. आणि माझं एक निरीक्षण आहे, पटलं नाही तर सोडून द्या. ही मराठी पोरं तयार झाली ती गणेश मंडळात. जड मूर्ती दोर बांधून ट्रकवर चढवणं, गर्दीला दोराने मागे ठेवणं, रात्रभर जागणं, भांडण न करता दहा जणांनी एकाचं ऐकणं, हे सगळं मंडळातच शिकतात. त्याच्याही मागे जायचं तर दांडिया बाजारातली जुम्मादादांची व्यायामशाळा आणि प्रोफेसर माणिकराव आहेत. माणिकरावांनी सांघिक कवायतीच्या आज्ञा इंग्रजी सोडून देशी भाषेत आणल्या आणि हाड मोडलेल्यांवर उपचार केले. 'स्वयंसेवक' हा शब्द बडोद्याच्या मराठी माणसाला तिथूनच ओळखीचा आहे. अंगात ताकद असेल तर ती गल्लीच्या कामाला यायला हवी, असं तिथे मानलं जायचं. मगर पकडणाऱ्या पोरांना हा इतिहास ठाऊक नसेलही, पण ती त्याच मातीतली आहेत.

या कामाची भरती बहुतेक वेळा मगरीपासून होत नाही, पतंगापासून होते. उत्तरायण म्हणजे बडोद्याचा मोठ्यात मोठा सण. आपल्याकडे तिळगूळ, हळदीकुंकू, काळी साडी, आणि त्याच दिवशी धाब्यावर उंधियू-जिलबी आणि "काप्यो छे!" दोन्ही संक्रांती आपण एकाच दिवशी साजऱ्या करतो, त्यात मजाच आहे. पण मांजा आभाळात पसरलेला असतो आणि पक्ष्यांना तो दिसत नाही. कबुतरं, घारी, बगळे, शराट्या, संध्याकाळी घुबडं, पंख कापून खाली पडतात. 2017 पासून राज्यात करुणा अभियान चालतं, 10 ते 20 जानेवारी. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो हे आपल्याला माहीत आहे. त्या दिवसांत शहरात जागोजागी टेबलं मांडून स्वयंसेवक बसतात. कॉलेजातल्या मुली, निवृत्त बँकवाले, पशुवैद्यकाचे विद्यार्थी.

तिथे पहिलं काय शिकवतात? पक्ष्याला पाणी पाजू नका. आपली आजी पहिल्यांदा तेच करायची, चोचीत चमच्याने पाणी घालायची, आणि ते पाणी श्वासनळीत जाऊन पक्षी गुदमरायचा. दुसरं, अडकलेला मांजा ओढू नका, दोन्हीकडून कापा. तिसरं, भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, अंधार आणि शांतता. आणि लोकांना सांगायचं ते असं की सकाळी लवकर आणि संध्याकाळी पतंग उडवू नका, कारण पक्षी तेव्हाच थव्याने निघतात आणि परततात. आमच्या धाब्यावर पाच वाजता फिरकी गुंडाळायचा नियम झाला तो शेजारच्या बारावीतल्या मुलीने जखमी शराटी खोक्यात घालून सगळ्यांना दाखवली तेव्हा. भाषणाने झाला नसता. अशी मुलं दोन उत्तरायणं टेबलावर काढतात, मग साप पकडायला शिकतात, आणि मग एखाद्या पावसाळ्यात मगरीच्या गाडीत बसतात.

खरी परीक्षा पुरात झाली. बडोदेकराला दोन आकडे पाठ असतात, आजव्याची पातळी आणि काळ्या घोड्याची पातळी. 1927 च्या महापुराच्या गोष्टी आपल्या घरांतून ऐकायला मिळाल्या. 31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यातल्या पाण्यात कुत्र्यावर झेप घेणाऱ्या मगरीचा व्हिडिओ तेव्हाच देशभर फिरला. मग ऑगस्ट 2024. धोक्याची पातळी 25-26 फूट, आणि विश्वामित्री गेली 37 फुटांवर. तीन दिवस अर्धं शहर पाण्यात. तळमजले, गाड्या, फ्रिज, लग्नाचे अल्बम, सगळं गेलं. समा, अकोटा, फतेहगंज, कारेलीबाग, आपलेच लोक वरच्या मजल्यावर अडकलेले, वीज नाही, दूध नाही.

त्या 27 ते 29 ऑगस्टच्या तीन दिवसांत वस्तीतून 24 मगरी जिवंत पकडल्या गेल्या. सगळ्यात लहान 2 फुटांची, सगळ्यात मोठी 14 फुटांची, कामनाथनगरात रहिवाशांनीच कळवलेली. ईएमई चौकात 11 फुटांची एक. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात तेवढीच दुसरी, जणू प्रवेश घ्यायला आलेली. शिवाय साप, नाग, साधारण 40 किलोची पाच कासवं, एक साळिंदर. हे काम करणाऱ्या कितीतरी पोरांच्या स्वतःच्या घरांत पाणी होतं. त्यानंतरच्या दिवसांत दोन तरुण बांधलेली मगर चक्क स्कूटरवर आडवी धरून वनखात्याकडे घेऊन चालल्याचा व्हिडिओ आला. ती पद्धत मुळीच बरोबर नाही, ना मगरीसाठी ना रस्त्यावरच्यांसाठी. पण गाडीची वाट बघत बसण्यापेक्षा ती तिच्या जागी पोचवावी, हे त्यांना सुचलं.

पूर ओसरल्यावर मात्र सूर बदलला. ज्यांचं घर बुडालं त्यांना राग येणारच, आणि तो नदीवर आणि मगरीवरही निघाला. "माणसांचं बघा आधी" हे मी आपल्या मंडळाच्या सभेतही ऐकलं. त्याला खोडून काढणं सोपं नाही. नदीकाठच्या खेड्यांत कपडे धुताना, गुरं पाण्यावर नेताना माणसं मगरीने ओढून नेलेली आहेत, आणि ज्या घरात हे घडलं त्यांना शहरातल्या कुणी 'सहजीवन' समजावू नये. पण पूर मगरींनी आणला नाही. नदीची वळणं आवळली, कोतरं बुजवली, तळी बुजवली, पाणी कुठे जाईल? 2016 मध्ये काही बडोदेकर हेच म्हणत हरित लवादाच्या पुण्यातल्या पीठाकडे गेले होते, तेव्हाच्या रिव्हरफ्रंट योजनेविरुद्ध. मे 2021 च्या निकालात लवादाने नदीच्या हद्दी आखायला आणि तिच्या सुधारणेचा आराखडा करायला सांगितलं. पुराच्या तीन वर्षं आधी.

2024 नंतर सरकारने नदी रुंद आणि खोल करायचं काम हाती घेतलं, 2025 च्या पावसाळ्याच्या आत. यंत्रं काठावर उतरली ती उन्हाळ्यात, म्हणजे नेमकी मगरीच्या अंड्यांच्या दिवसांत. सुरुवातीला उल्लेख केला ती 442 ची मोजणी या कामाच्या तोंडावरच झाली होती. दिवसा काठावरच्या मोजायच्या, रात्री टॉर्चच्या उजेडात चमकणारे डोळे मोजायचे. मोजणीला किती महत्त्व आहे हे मला तेव्हा कळलं. आकडा कागदावर असला की कुणी "इथे मगरी नाहीतच" असं म्हणून काठ खरवडू शकत नाही.

मोजणीची ही रीत आपल्या शेजारीच चारोतरात जुनी झालीय. आणंद-खेड्याकडच्या गावतळ्यांत मगरी राहतात. मलातज, देवा अशा गावांत लोक त्याच तळ्यावर कपडे धुतात आणि मगर पलीकडच्या काठाला पडलेली असते. खोडियार मातेचं वाहन मगर, म्हणून तिला दगड मारत नाहीत. आपल्याकडे गंगेचं वाहन मकर, पण आपण ते देव्हाऱ्यापुरतं ठेवलं. वल्लभविद्यानगरची व्हॉलंटरी नेचर कन्झर्व्हन्सी तिथे दर हिवाळ्यात मगरगणना भरवते. देशभरातून स्वयंसेवक येतात, गावकऱ्यांच्या घरी जेवतात, तळ्याकाठी तास-तास बसून आकडे लिहितात. पेटलाद-सोजित्रा हा भाग जुना गायकवाडी मुलूख, आपल्यातल्या कितीतरी घरांचे पणजोबा तिथे वहिवाटदार नाहीतर कारकून होते. नातेवाईक कुणी उरले नसतील, पण जानेवारीत एक रविवार जाऊन यायला हरकत नाही.

बडोद्यात सध्या पोरांना लागतंय ते फार साधं आहे. जाड सुती दोर, गोणपाटं, डोक्याला लावायचे दिवे, धनुर्वाताची इंजेक्शनं, आणि पावसाळ्याचे चार महिने रात्री उभी राहील अशी एखादी बंद गाडी. आमच्या मंडळाने यंदा मांडवाच्या रोषणाईतून काही रक्कम बाजूला काढली आणि मूर्ती नवलखीच्या कृत्रिम तळ्यात विसर्जित केली. दुसऱ्या एका मंडळाने आपला टेम्पो जून ते सप्टेंबर देऊ केलाय. तुमच्याकडे, मग ते इंदूर असो, ग्वाल्हेर असो की बेळगाव, असं काही चालत असेल तर खाली लिहा, नावं-गावं जमतील तशी. आमच्या सोसायटीत मागच्या पावसाळ्यात पकडलेली सात फुटी मगर पोरांनी नेली, तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं होतं, "परत आली तर रे?" दोर गुंडाळत तो म्हणाला, "परत फोन करा, काकू. पण जिन्यात चपला काढून ठेवू नका, मला पळताना अडकतात."